दोन सरकारांच्या खुर्च्या

आधीच सांगून ठेवते, माझं शिक्षण चौथीपर्यंतचं आहे. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. अक्षर तर असं की मी किराणा लिहून दिला की दुकानदार कागद उलटा करून बघतो आणि म्हणतो, "ताई, तुम्हीच वाचा." शेजारच्या मुलीच्या जुन्या वहीची मागची पानं कोरी राहिली होती, त्यांवर लिहितेय. कुणाला दाखवायचं नाहीच आहे. पण चुकून कुणाच्या हाती वही लागली, तर माझ्या चुका पोटात घाला आणि काथोडमामांबद्दल तेवढं नीट वाचा.

काथोडमामांच्या ओट्यावर दोन खुर्च्या समोरासमोर मांडलेल्या असायच्या. साध्या प्लॅस्टिकच्या. एक निळी, एक पांढरी. रोज सकाळी मामा त्या ओल्या फडक्याने पुसायचे. पण त्यांवर कुणी बसायचं नाही. ते स्वतःही पायरीवर बसायचे.

आम्ही खोली बघायला आलो त्या दिवशी आमचे हे उन्हाने दमले होते. ते निळ्या खुर्चीवर टेकले.

"उठ!" मामा असे ओरडले की माझ्या कडेवरची पोर रडायला लागली. "ती दिल्लीची हाय!"

हे गडबडीने पांढऱ्या खुर्चीकडे वळले.

"ती मंबईची!"

हे उभेच राहिले. भाडं किती, पाणी किती वेळ येतं, सगळं उभ्यानेच ठरलं. घरी जाताना हे म्हणाले, "म्हातारा सरकलेला दिसतोय. पण भाडं परवडतंय." अशा रीतीने आम्ही मुंबईजवळ उलव्याच्या कडेच्या त्या जुन्या गावात राहायला आलो. एका बाजूला टॉवर, डोक्यावर विमानं आणि मागे खाडी.

मी माणदेशातली. आमच्याकडे पाणी येत नाही याची भीती. इथे आल्यावर कळलं, पाणी येईल याचीही भीती असते, आणि ती जास्त वाईट असते. आमच्या खोल्यांच्या मागे मामांचा भाताचा तुकडा आहे. बाकीची सगळी जमीन शहरासाठी गेली, तेवढाच राहिला. तुकड्याच्या पलीकडे मातीचा बांध आणि बांधापलीकडे तिवरं, म्हणजे खारफुटीची झाडं, आणि खाडी. अमावस्या-पौर्णिमेला भर दुपारी उधाण येतं, तेव्हा बांधाबाहेरचं पाणी आमच्या उंबऱ्यापेक्षा उंच असतं. हे मला मामांनीच पहिल्या आठवड्यात दाखवलं. बांधावर उभं केलं, एक हात पाण्याकडे आणि एक हात माझ्या दाराकडे केला आणि म्हणाले, "बघ गो सूनबाय. बांध हाय म्हनून तू कोरडी हाय."

त्या दिवसापासून मला झोप लागताना कानात पाणी वाजायचं.

मामांना स्वतःला तर बारा महिने भीती. उधाणाच्या सकाळी ते प्रत्येक खोलीचं दार वाजवायचे. "उधान हाय. पीठ वर ठेवा." पीठ, तांदूळ, मुलांची दप्तरं, सगळं फळीवर. मग आत यायचे, कोपऱ्यातल्या भिंतीला बोट लावायचे आणि बोट चाटायचे. पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मी मोरीत जाऊन हसून घेतलं. मामा मात्र गंभीर.

"गोरी हाय," म्हणाले. म्हणजे खारट नाही. "ज्या दिसा खारी लागंल, त्या दिसा पोरीला घेवून माल्यावं जावाचा."

मग मलाही सवय लागली. हे कामावर गेले की मी गुपचूप भिंत चाटून बघायची. शेजारच्या शेवंतावहिनीने एकदा मला पकडलं. ती तोंडाने फाटकी. म्हणाली, "घरात भाजी नाही का केलीस?" मी लाजेने दोन दिवस नळावर गेले नाही.

आता खुर्च्यांचं सांगते.

बांधाला खेकड्यांनी भोकं पाडली होती. एका जागी माती इतकी खचली होती की वरून चालताना पाय दबायचा. मामा डागडुजीसाठी राज्याच्या कचेरीत गेले, कारण बांध राज्याचा. तिथले म्हणाले, बांध आमचा खरा, पण त्या बांधावरच तिवरं उगवली आहेत, तिवरांजवळ माती टाकायची तर केंद्राची परवानगी लागते. मामा केंद्राच्या कचेरीत गेले. तिथले म्हणाले, परवानगी देऊ, पण बांध ज्यांचा आहे त्यांनी मागायला हवी. मामा परत पहिल्या कचेरीत. ते म्हणाले, मागू, पण कामाचे पैसे दोघांच्या वाट्याने येतात, वरचा वाटा ठरल्याशिवाय आम्ही कसे मागणार? कुणी खोटं बोलत नव्हतं, कुणी रागावतही नव्हतं. सगळे चहा पाजायचे. मामा म्हणायचे, "चाय पिऊन पिऊन माजा पोट फुगला, पन बांधाचा भोक काय बुजला नाय."

त्यांच्या मते ही दोन सरकारं म्हणजे एका घरातल्या दोन जावा. थोरली दिल्लीला, धाकटी मुंबईला. दोघी कामाच्या, दोघी शहाण्या, पण चुलीपाशी बोलणं बंद. थोरली म्हणते, "तिला सांगा." धाकटी म्हणते, "त्यांना विचारा." आणि मधे भात करपतोय.

"भांडान नाय गो त्यांच्यात," मामा मला समजवायचे. "भांडल्या असत्या तर बरा झाला असता. निदान समोर तरी आल्या असत्या. त्यांना फकस्त एक डाव इथं आनून बसवाचा हाय. समोरासमोर. बांध बघत."

म्हणून त्या खुर्च्या. कधीतरी दोन्ही साहेब एकाच दिवशी येतील, तेव्हा बसायला जागा हवी.

गावातले लोक हसायचे. मामांचा मुलगा टॉवरमध्ये वरच्या मजल्यावर राहतो. तो एकदा म्हणाला, "बाबा, जाऊ द्या तो बांध. शेत खारं झालं की तिवरं वाढतील, आपोआप जंगल होईल. तुमची कटकट संपेल." मामांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो चपला शोधायला लागला.

गंमत म्हणजे मामांचा तिवरांवर राग नव्हता. उलट कुणी सरपणाला फांदी तोडली तर शिव्या द्यायचे. "ती बांधाची दारी हाय," म्हणायचे. दाढी. "लाट आली का आदी दारीला लागते, मंग गालाला. भायेर दिल्लीची तिवरा, आत मंबईचा भात. दोनी पायजेत. मधी बांध, तो दोगींचा. येवरा साधा हाय, पन कागदावं बसत नाय."

आणि एक त्यांचं पालुपद होतं, साठ-चाळीस. कुठल्यातरी कचेरीत त्यांना सांगितलं होतं की अशा योजनेत साठ टक्के दिल्ली देते आणि चाळीस टक्के राज्य. ते आकडे मामांच्या डोक्यात असे बसले की सगळं जग त्याच मापाने. चहा कसा करू विचारलं की "साठ पानी, चालीस दूध." पाऊस कसा वाटतो, "साठ पडंल, चालीस ऱ्हाईल." आमचे हे घरात मदत करतात का, असं त्यांनी मला विचारलं. मी मान खाली घातली. मामा म्हणाले, "तुजा साठ, त्याचा चालीस?" शेवंतावहिनी भांडी घासता घासता म्हणाली, "चाळीस? मामा, त्यांचं अनुदान अजून मंजूरच नाही झालं."

मी हसले, पण मनात बांधच होता.

मामांची आणखी एक शिकवण होती. बांध फुटला की त्याला खांड जाणं म्हणतात. पूर्वी गावात कुणी "खांड गेली" म्हणून हाक मारली की अख्खं गाव धावायचं. घरी जायचं नाही, चप्पल घालायची नाही, विचारायचं नाही. "हातात आसंल ता घेवून धावाचा," मामा आम्हा सगळ्या भाडेकरू बायकांना दर उधाणाला घोकून घ्यायचे. "ठेवाला गेलास का दोन घमेली पानी आत आला." जे खांडीत जाईल त्याची भरपाई ज्याचं शेत त्याने करायची, हाही जुना कायदा. आम्ही माना डोलवायचो. कोण सोलापूरची, कोण खानदेशातली, कोण बिहारची. आम्हाला वाटायचं म्हाताऱ्याची बडबड आहे.

सर्वपित्रीची अमावस्या होती. सकाळी मामांनी दार वाजवलं. पीठ वर. भिंत गोडी. मग त्यांनी आपल्या पत्र्यावर पान ठेवलं, मामींसाठी. मामींना मी पाहिलेलं नाही. मी यायच्या आधीच त्या गेल्या. मामा त्यांच्याबद्दल कधी बोलत नसत. पान ठेवून ते पायरीवर बसले आणि खुर्च्या पुसायला घेतल्या.

नवरात्राआधी मी अंथरूण-पांघरूण धुवायला काढलं होतं. आईची गोधडी धुऊन, पिळून खांद्यावर टाकली आणि वाळत घालायला मागच्या बाजूला निघाले. पाणी बांधाच्या कडेला लागलेलं दिसत होतं. वाराही होता. मी नेहमीप्रमाणे तिकडे बघायचं टाळलं. आणि तेवढ्यात आवाज आला. आवाज मोठा नव्हता. कुणीतरी कापड फाडावं तसा.

मामा खुर्ची पुसता पुसता थांबले. मग ओरडले. तो आवाज माणसाचा वाटला नाही मला.

"खांड गेलीऽऽ! खांड गेलीऽऽ!"

पोर आत पाळण्यात होती. मला वाटलं, आत जावं, तिला उचलावं, माळ्यावर चढावं. पण मामा माझ्यासमोरून पळाले. सत्तरी उलटलेला माणूस, दोन्ही हातांत दोन खुर्च्या, चिखलातून पळतोय. ठेवायला थांबले नाहीत. स्वतःचाच नियम. आणि का कोण जाणे, माझे पाय पोरीकडे न वळता त्यांच्या मागे गेले. पाणी आत आलं तर पोरीकडेच येणार होतं.

मागे वळून बघितलं तर सगळ्या बायका धावत होत्या. आणि प्रत्येकीच्या हातात, जे हातात होतं ते.

मामांनी घोकून घेतलं होतं ना. त्यांच्या काळात हाक ऐकणारा माणूस शेतात असायचा, त्याच्या हातात फावडं असायचं, घमेलं असायचं, पेंढ्याचा भारा असायचा. आमच्या हातात काय असणार? शेवंतावहिनी गिरणीतून आली होती, तिच्या डोक्यावर दळणाची पिशवी. एकीच्या हातात पायपुसणं. एकीच्या हातात भिजवलेल्या कणकेची परात. बिहारच्या भाभीच्या हातात उशी आणि टीव्हीचा रिमोट. एक आजीबाई नुसती झाडू घेऊन आल्या होत्या.

खांड फार मोठी नव्हती, दार असतं तेवढी. पण तिच्यातून पाणी आत घुसत होतं. हिरवट, फेसाळ, आणि आवाज करत. भाताला लोंब्या आल्या होत्या. पाणी कडेच्या रोपांत शिरलं होतं आणि कडा ढासळून दार रुंद होत चाललं होतं.

मामांनी आमच्या हातांकडे बघितलं. एकेक वस्तू बघितली. क्षणभर मला वाटलं आता मामा रडतील.

"मामा, काय करू?" शेवंतावहिनी किंचाळली. "दळण आहे माझं! पंधरा दिवसांचं!"

मामांनी दोन्ही खुर्च्या डोक्यावर घेतल्या. ते कमरेइतक्या पाण्यात उतरले. निळी खुर्ची आडवी केली आणि खांडीत घुसवली. पाण्याने ती उलटी फेकली. त्यांनी परत घुसवली आणि पांढरी तिच्यात उलटी अडकवली, पायांत पाय. दोन्ही खुर्च्या चिखलात रुतल्या आणि थरथरत थांबल्या.

"दिल्ली खाली, मंबई वर!" मामा ओरडले. "आता द्या! काय हाय ता द्या!"

पहिल्यांदा माझी गोधडी गेली. ओली, जड. मामांनी ती खुर्च्यांवर पसरली आणि पाण्यानेच ती दाबून धरली. मग दळण, पिशवीसकट. उशी. पायपुसणं. परातीतला कणकेचा गोळा मामांनी एका भोकात कोंबला. रिमोटही जाणार होता, पण भाभीने तो दातात धरला होता. मग आम्ही सगळ्या शेतातली चिकण माती हातांनी उकरून टाकू लागलो. नखं फाटली. कुणी बोलत नव्हतं. फक्त मामांचा आवाज, "अजून. अजून. इकरं." आणि वरून एक विमान इतकं खाली गेलं की त्याची सावली आमच्यावरून सरकली.

पाणी उतरायला लागलं तेव्हा कळलं की आपण वाचलो. मी धावत घरी गेले. पोर पाळण्यात झोपली होती. मी भिंतीला बोट लावलं, चाटलं. तोंडात सगळीकडे चिखल होता, त्यामुळे काही कळलं नाही. तेव्हा मात्र मी रडले.

खरी भीती संध्याकाळी आली. टॉवरमधल्या कुणीतरी वरून फोटो काढला होता आणि तक्रार केली होती की बांधाजवळच्या बायका तिवरांत कचरा टाकतायत. तक्रार दोन्हीकडे गेली होती, दिल्लीवाल्यांकडे आणि मुंबईवाल्यांकडे. "केस होईल," असं दुकानात कुणीतरी बोललं. आमचे हे म्हणाले, "तुला काय गरज होती पुढे पुढे करायची? गोधडीवर आपलं नाव आहे का?" गोधडीवर नाव नव्हतं, पण मला वाटत राहिलं की आईच्या टाक्यांवरून सगळे मला ओळखतील.

दुसऱ्या दिवशी घट बसले. दुपारच्या आत दोन गाड्या आल्या. एकीतून केंद्राच्या कचेरीतले साहेब उतरले, उंच, चष्म्याचे. दुसरीतून राज्याच्या कचेरीतल्या मॅडम, हातात छत्री. तक्रार दोघांकडे गेल्यामुळे दोघेही एकाच दिवशी आले. एवढी वर्षं मामांनी अर्ज करून जे झालं नव्हतं, ते तक्रारीने झालं.

मामांनी नवा सदरा घातला होता. हात जोडून ते पुढे गेले आणि सवयीने म्हणाले, "या, बसा." मग ओट्याकडे बघितलं आणि त्यांचं तोंड पडलं. बसायला काही नव्हतं.

सगळे बांधावर गेले. मी शेवंतावहिनीच्या मागे लपून चालले होते. साहेबांनी खांड बघितली. चिखलातून दोन खुर्च्यांचे पाय वर आले होते.

"ये कुर्सियाँ किसकी हैं?"

"तुमचीच," मामा म्हणाले. "निली तुमची. पांढरी मॅडमची."

कुणाला काही कळेना. मग शेवंतावहिनीने सगळं सांगितलं, दोन जावांसकट. मी डोळे मिटून घेतले. आता केस नक्की. पण मॅडम छत्रीआड तोंड करून खोकल्या, आणि ते खोकणं खोकण्यासारखं वाटलं नाही.

साहेब मात्र वाकून बघत होते. मग मराठीतच म्हणाले, "यात एकही तिवर तोडलेलं नाही."

"तोराचा कशाला?" मामा म्हणाले. "दारी हाय ती."

"आणि ही गोधडी कुणाची?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "माझी. वाळत घालायला निघाले होते." तेवढंच. पण साहेबांनी मान हलवली, जणू मी मोठा जबाब दिला होता.

मग ते दोघं बोलायला लागले. मॅडम म्हणाल्या, "तुमच्याकडून पत्र आलं तर आम्ही लगेच." साहेब म्हणाले, "तुमचा प्रस्ताव आला तर आम्हीही लगेच." मामांनी आमच्याकडे बघून डोळे मिचकावले. तेवढ्यात मॅडमनी खाली बघितलं. त्यांच्या चपलेला पाणी लागलं होतं. अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी भरती जास्त चढते, हे त्यांना बहुतेक ठाऊक असेल, पण कचेरीत ठाऊक असणं आणि पायाला लागणं यात फरक असतो. खुर्च्यांमधून पाण्याची एक बारीक धार आत आली.

"घाबरू नुका," मामा म्हणाले. ते खाली वाकून त्या धारेवर चिखलाचा गोळा दाबत होते. "अजून येल हाय. थोरा येल हाय." म्हणजे थोडा वेळ आहे.

मग सगळं पटापट झालं. साहेब म्हणाले, यंत्र आणायचं नाही, तिवरांना हात लावायचा नाही, हातानेच मातीकाम, तातडीचं म्हणून. मॅडम म्हणाल्या, माणसं आणि माती मी आजच पाठवते. कागद ठेवायला जागा नव्हती. मॅडमनी साहेबांच्या पाठीवर कागद ठेवून सही केली. मग मॅडम वळल्या आणि साहेबांनी त्यांच्या बंद छत्रीवर वही टेकवून सही केली. मामा दोन्ही हात जोडून बघत होते. घट बसताना माणसं बघतात तसे.

बांध बुजला. तात्पुरता. पक्क्या कामाचा कागद अजून फिरतोय, पण आता दोघांच्या सह्या असलेला फिरतोय.

मग मामांनी जुना कायदा पाळला. दारोदार जाऊन भरपाई दिली. शेवंतावहिनीला दळणाचे पैसे, वर कणकेचेही. ती म्हणाली, "पिशवीचे?" मामांनी पिशवीचेही दिले. भाभीला उशीचे. मग माझ्याकडे आले.

"गोधरीचा किती?"

मी म्हणाले, "राहू द्या मामा. जुनी होती."

"जुनी म्हंजे महाग." त्यांनी आपणच एक आकडा ठरवला आणि म्हणाले, "एकदम नाय देनार. साठ-चालीस. हप्त्यानी. रोज सांजला ओट्यावं यावाचा आनि न्यावाचा."

मला नवल वाटलं. सगळ्यांना रोख, मलाच हप्ते? पण मी मान डोलावली. मी कुणाशीच फार बोलत नाही.

त्याच आठवड्यात मॅडमच्या गाडीतून एक नवी पांढरी खुर्ची आली. निळी जरा उशिराच आली. मामा म्हणाले, "दिल्ली लांब हाय." दोन्ही ओट्यावर मांडल्या, समोरासमोर. संध्याकाळी मी हप्ता घ्यायला गेले आणि पायरीपाशी उभी राहिले.

"बस," मामा म्हणाले.

"कुठे?"

"दिल्लीवं बस. त्यांचा बोलना झाला. आता त्या खुर्च्या मोकल्या हायेत."

मी घाबरत टेकले. मामा पांढरीवर बसले. इतक्या दिवसांत त्यांना खुर्चीवर बसलेलं मी पहिल्यांदाच बघत होते. त्यांनी खिशातून दहाची नोट काढली, सरळ केली, दिली आणि बांधाबद्दल बोलायला लागले. कुठे खेकडा लागलाय, पाणी कुठवर चढलं, लोंबी भरली का. मी ऐकत होते. मधेच मी "हां" म्हणाले. मामा थांबले. माझ्याकडे बघत राहिले.

"ती पन येवराच बोलाची," ते म्हणाले. "हां. मी दिसभर बरबर कराचो, बांध, उधान, खांड. ती भाकरी थापता थापता नुसता हां. ती गेली, मंग कोन ऐकनार? पोराला सांगितला तर तो दार लावतो. मना वाटला, सरकारसाठी खुर्च्या मांडू. सरकारला तरी ऐकाचाच लागंल."

मी दहाची नोट परत एकदा सरळ केली.

मग रोज संध्याकाळी हप्ता. कधी दहा, कधी पाच. एकदा नुसते दोन रुपये दिले आणि म्हणाले, "निधी कमी आला." साठचा वाटा संपला, चाळीसचा सुरू झाला. मी पोरीला मांडीवर घेऊन बसायची. मीही माझ्या गावाचं सांगायला लागले, की आमच्याकडे टँकरची वाट बघताना बायका कशा हंडे लावून ठेवतात. मामांना ते खरं वाटेना. "पानी येत नाय म्हनून भीती?" ते हसायचे. उधाणाच्या दिवशी आम्ही दोघं भिंतीला बोट लावायचो. पूर्वी सगळी भीती माझी एकटीची होती. आता साठ-चाळीस झाली होती. कुणाची साठ ते विचारू नका.

परवा मामांनी शेवटचा हप्ता आणला. नोटेबरोबर एक घडी केलेलं लुगडं होतं. हिरवं, विटलेलं, मऊ. "पैशानी गोधरी नाय शिवता येत," म्हणाले. "हा तिचा हाय. आत घाल." मग नोट माझ्या हातावर ठेवली आणि माझी मूठ बंद केली.

"फिटला गो सूनबाय. सगला फिटला. आता तुजा माजा काय देना-घेना नाय." त्यांनी आपले हात गुडघ्यांवर ठेवले, पण उठले नाहीत. "जा. भाजी करपंल."

भाजी कधीच झाली होती. मी नोट पदराला बांधली, लुगडं मांडीवर घेतलं आणि तिथेच बसून राहिले. मागे बांधावर पाणी चढत होतं. मग मामा हळूच म्हणाले, "आज त्या कोपऱ्याला परत खेकडा लागलाय वाटतंय."

मी म्हणाले, "हां."